पाठराखण

शोक मोजता येतो हे सिद्ध झालं, तेव्हा सगळ्यात जास्त आनंद कंपन्यांना झाला. रजेचा जुना घोळ त्यामुळे मिटणार होता. वडील गेले तर आठवडाभर, चुलते गेले तर एक दिवस आणि जिवाभावाचा मित्र गेला तर काहीच नाही, हे नात्यावरून ठरवलेलं गणित कुणालाच धड पटत नव्हतं. आता मनगटावर एक पट्टी बांधायची आणि ती काय सांगते ते ऐकायचं.

शिरवळजवळच्या 'स्फटिक मायक्रोसिस्टिम्स'ने तर शोक नुसता मोजला नाही, तो माणसापर्यंत पोचूच नये अशी सोय केली. त्या सोयीला त्यांनी नाव दिलं 'पाठराखण'. नाव सुचवणाऱ्याला मराठी चांगलं येत असणार यात शंका नाही.

जालिंदर खराडे तिथे प्रोब कार्डं दुरुस्त करायचा. चिप तयार झाली की ती चालते की नाही हे बघायला केसाहून बारीक सुयांचं एक कार्ड तिच्यावर टेकवतात. त्यातली एखादी सुई जराशी जरी वाकली तरी कार्ड निकामी. मग ती सूक्ष्मदर्शकाखाली, चिमट्याने, श्वास रोखून सरळ करायची. बाकीच्या कामांवर यंत्रं आली, पण हे काम माणसाच्या बोटांकडेच राहिलं होतं, आणि त्या बोटांमध्ये जालिंदरच्या बोटांचा मान मोठा होता.

त्याची मुलगी शर्वरी भाद्रपदात तापाने गेली. साधा ताप म्हणून दवाखान्यात नेली आणि तिथून ती घरी आलीच नाही. चोवीस वर्षांची होती. तिची आई ती लहान असतानाच गेलेली, त्यामुळे घरात दोघंच होती. शर्वरी त्याच कंपनीत, काचेपलीकडच्या विभागात कामाला होती. रुजू झाली त्या दिवशीच तिने बापाला बजावलं होतं, "गेटच्या आत मी तुमची कुणी नाही हं, बाबा. नाहीतर लोक म्हणतील वशिल्यानं आली." तेव्हापासून आत ती त्याला 'खराडे सर' म्हणायची, आणि तोही अनोळखी माणसाला द्यावी तशी मान हलवायचा. घरी येताना मात्र दोघं एकाच स्कूटरवर असत.

गावाकडे दिवसकार्य उरकून तो कामावर परतला, तेव्हा ऋजुता पोंक्षे त्याला भेटली. कर्मचाऱ्यांच्या अडीअडचणी बघणारी ही बाई. तिच्यावर राग धरावा असं तिच्यात काहीच नव्हतं. स्वतःची आई गेली त्याच दुपारी तिला कंपनीच्या पाहुण्यांसमोर हसतमुखाने भाषण करावं लागलं होतं, आणि तसं पुन्हा कुणावर येऊ नये म्हणूनच तिने ही योजना धडपडून आणली होती.

"खराडेकाका, दुःख दिवसभर सारखं नसतं," तिने समजावलं. "त्याची लाट येते. आणि गंमत म्हणजे आपल्याला कळायच्या आधी ती शरीराला कळते. कातडीवरचा घाम बदलतो, दोन ठोक्यांमधलं अंतर बदलतं. पट्टी ते टिपते. आधी काय घडलं की लाट उठते, हे ती हळूहळू शिकते. एखादा फोटो, एखादं नाव. मग ते कारणच आम्ही तुमच्या वाटेतून बाजूला करतो."

"म्हणजे कसं?"

"पडद्यावरचे फोटो बदलतात. कँटीनमध्ये तुम्हाला शांत टेबल मिळतं. आणि आत, स्वच्छ कक्षात टोपडं घातल्यावर, त्रासदायक आवाज जरा मऊ होतात."

जालिंदरला वाटलं, पंख्यांचा आवाज मऊ होत असेल. स्वच्छ कक्षात हवा गाळणारे पंखे अखंड घोंगावत. प्रत्येकजण डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या झग्यात, तोंडावर मास्क, उघडे फक्त डोळे. शेजारी उभ्या माणसाचं बोलणंही कानात खोचलेल्या इअरफोनच्या बोंडातूनच ऐकू यायचं. म्हणजे प्रत्येक वाक्य आधी संगणकाकडे जायचं, घोंगावण्यातून वेगळं काढलं जायचं आणि मग कानात यायचं. जो संगणक वाक्य निवडून काढतो तो ते अडवूनही ठेवू शकतो, हे काही त्याच्या डोक्यात आलं नाही. त्याने संमतीसाठी अंगठा टेकवला आणि तो कामाला लागला.

पहिल्याच आठवड्यात साळुंखे त्याच्या बाकापाशी आला. दोघं बरोबरीने नोकरीला लागलेले. साळुंख्याने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि बराच वेळ तो तसाच उभा राहिला. कानात फक्त पंखे घोंगावत होते. जालिंदरने एकदा त्याच्या भरून आलेल्या डोळ्यांकडे पाहिलं, मान हलवली आणि पुन्हा सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. थोड्या वेळाने खांद्यावरचा हात निघाला.

त्याला यात वावगं वाटलं नाही. आपल्याकडे समाचाराला आलेला माणूस कुठे फार बोलतो? येतो, टेकतो, घोटभर पाणी पितो आणि उठतो. ज्याच्यावर प्रसंग ओढवलाय त्यानेही उत्तर द्यावं अशी कुणाची अपेक्षा नसते. पुढच्या दिवसांत बरेच जण असे बाकापाशी येऊन गेले. शर्वरीच्या विभागातली मुलंही आली. उभी राहायची, जायची. शर्वरीची मैत्रीण महेक मुजावर तर पुन्हा पुन्हा आली. तिचे डोळे लाल दिसले तेव्हा जालिंदरने चिमटा खाली ठेवला, पण ती काही बोलेना, मग तोही बोलला नाही. ट्रे तेवढा सरकवायला सांगितला.

मग येणं थांबलं.

कँटीनमध्ये खिडकीशी एक टेबल त्याच्यासाठी राखलेलं असे. तिथे कुणी बसत नसे. खराडे यांच्याशी तो विषय आपण होऊन काढू नये, अशी प्रेमळ सूचना सगळ्यांच्या फोनवर गेलेली होती, हे त्याला माहीत नव्हतं. लोक लांबून मान हलवत आणि आपल्या डब्यात बघत. जालिंदर भाकरीचा तुकडा मोडत विचार करी, माणसं इतकी कोरडी कशी झाली? त्या पोरीने यांच्याबरोबर तीन वर्षं काढली. तिच्याबद्दल एकालाही एक शब्द बोलावासा वाटू नये? ती आत कशी वागायची, देव जाणे. लोकांना नकोशी झाली होती की काय, अशीही एक शंका त्याच्या मनात डोकावली आणि तिथेच घर करून बसली. आपल्या मेलेल्या लेकीबद्दल असली शंका बाळगणं फार वाईट असतं. ती कुणाला विचारताही येत नाही.

कामात मात्र तो आधीपेक्षा सरस ठरत होता. पट्टीवर एकही लाट उठत नव्हती. ऋजुता दर महिन्याला त्याला बोलावून कौतुक करी, आणि 'स्फटिक'ची माणसं दुसऱ्या कंपन्यांना सांगत, आमच्याकडे एक गृहस्थ आहेत, एकुलती एक मुलगी गेली, पण हात बघा.

घरी कान मोकळे असत, पण तिथे बोलणारं कोण होतं? संध्याकाळी तो मुगाची खिचडी टाकी आणि कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत ओट्याशी उभा राही. शर्वरीला आठवायचं म्हटलं की तेच ते समोर येई. लहानपणी झोपाळ्यावरून पडली ते. दहावीच्या निकालाला रुसून बसली ते. स्कूटरवर मागे बसून त्याच्या पाठीवर बोटाने गणितं सोडवायची ते. एकट्या माणसाकडच्या आठवणी लवकर संपतात. त्याच त्याच उगाळून त्यांचा वास जातो. नवीन काही सांगणारं दुसरं माणूस लागतं, आणि तशी माणसं जिथे होती तिथे सगळे गप्प होते. आपली मुलगी जगात कुणाच्याच लक्षात नाही, या विचाराने त्याला कधी कधी खिचडी गिळवत नसे. रडू मात्र यायचं नाही. रडायची सवयच मोडल्यासारखी झाली होती.

वैशाखात आगीचा सराव झाला. भोंगा वाजला आणि सगळे मागच्या पटांगणात जमले. टोपडी उतरली, मास्क उतरले. भर उन्हात माणसं अंग पुसत उभी होती. जालिंदरच्या शेजारी योगायोगाने महेक आली. तिने त्याला पाहिलं आणि तोंड फिरवलं.

"कशी आहेस, पोरी?" त्याने विचारलं.

"मी बरी आहे. पुढच्या आठवड्यात हैदराबादला चाललेय, तिकडच्या प्लांटला. बदली केलीय माझी." मग तिला राहवलं नाही. "काका, एक विचारू? राग नाही ना येणार? इतकं कसं हो तुम्ही दगड झालात?"

"काय झालं?"

"तीनदा आले मी तुमच्याकडं. शरूचं सांगायला. रडत सांगितलं सगळं, तुमच्या बाकाला धरून. आणि तुम्ही काय म्हणालात? तो ट्रे इकडं सरकव. तिन्ही वेळा तसंच." तिचा आवाज चढला तसे आजूबाजूचे लोक बघायला लागले. "साळुंखेकाका तर तुमच्यापुढं ढसाढसा रडले. पोरं एकेक करून येऊन बोलून गेली, एकालाही तुम्ही हूं का चूं केलं नाही."

जालिंदर तिच्या जवळ सरकला.

"मी काहीच ऐकलं नाही," तो म्हणाला. "तुम्ही सगळे नुसते उभे राहिलात."

महेकच्या चेहऱ्यावरचा राग एकदम उतरला आणि तिचा हात कानाकडे गेला, जिथे आत ते बोंड असतं. जालिंदरलाही त्याच क्षणी उमगलं. सराव संपल्याचा भोंगा वाजला. सगळे रांगेने आत निघाले, आणि तो मात्र ऋजुताच्या खोलीकडे वळला.

तिने काहीही लपवलं नाही. हो, वाक्यं अडवली जात होती. तिच्या दृष्टीने ते त्याला सांगूनच केलेलं होतं.

"मला ती द्या," जालिंदर म्हणाला.

"काय?"

"वाक्यं. आठ महिन्यांत जे जे अडवलंत ते सगळं. बसून ऐकतो मी."

ऋजुताने मान खाली घातली. "ती आम्ही ठेवत नाही, काका. लोकांचं खाजगी बोलणं साठवून ठेवणं बरोबर नाही, म्हणून मुद्दामच तशी रचना केलीय. ते त्याच क्षणी पुसलं जातं. कुठेच नसतं."

"कुठेच नाही?"

"नाही." तिने खुर्ची पुढे ओढली. "तुम्ही इतके महिने एकदाही कोसळला नाहीत. मला खरंच वाटत होतं की तुम्हाला बरं वाटतंय. आणि त्यांना काय सांगायचं होतं? आठवणीच ना? त्या तुमच्याकडे आहेतच."

"बाई, माझ्याकडे घरातली शरू आहे. गेटच्या आतली मला ठाऊकच नाही. तिनं मला तिथं ओळखू दिलं नव्हतं. ती या लोकांकडं होती, आणि ती ते मला आणून देत होते." त्याचा आवाज चढला नाही.

ऋजुताच्या डोळ्यांत पाणी आलं. तिची चूक तिला कळली, आणि ती भरून देण्यासारखी नाही हेही कळलं. नियम मात्र तिच्या हातात नव्हते. 'पाठराखण' सोडता येईल, ती म्हणाली, पण मग सुयांचं काम सोडावं लागेल. ज्याच्या मनगटावर कधीही लाट उठू शकते त्याच्या हाती ती कार्डं कंपनी देत नाही. भांडारात जागा आहे. हातमोजे, झगे, सुटे भाग द्यायचे. तिथून पुन्हा बाकावर यायला मिळेलच असं नाही.

जालिंदर त्या रात्री जेवला नाही. ते काम हा त्याचा अभिमान होता, आणि बायको आणि मुलगी दोघी गेल्यावर माणसाकडे अभिमान धरायला फार काही उरत नाही. बोटं म्हातारी होईपर्यंत त्या बाकावर बसायचं, एवढंच त्याने ठरवलेलं होतं. सकाळी उठून त्याने पट्टी सोडली आणि ऋजुताच्या टेबलावर नेऊन ठेवली.

भांडारात मास्क नव्हता, पंखे नव्हते, कानात बोंड नव्हतं. कुणी काही न्यायला आलं की तो विचारी, "शर्वरीबद्दल तुम्ही मला काहीतरी सांगितलं होतं म्हणे. परत सांगता का?" माणसं गडबडत. चांगली होती हो पोरगी, म्हणत. हसतमुख होती. कामाला चोख होती. निरोपसमारंभात कुणाबद्दलही म्हणतात तसं. साळुंखे आला तो स्टूल ओढून बसला आणि त्याने मनापासून प्रयत्न केला.

"जालिंदरराव, तेव्हा सगळं ताजं होतं. आतून आलं तसं बोलून गेलो. आता जुळवाय गेलं तर जुळंना बघा. डब्याचं काहीतरी होतं. माझ्या डब्यातलं काय तरी ती..." तो कपाळ चोळत राहिला. "नाही येत. माफ करा."

माणूस एखादी गोष्ट मनापासून एकदाच सांगतो. ऐकणाऱ्याने ती घेतली नाही तर सांगणाऱ्याकडेही ती तशीच उरत नाही. जालिंदरला हे समजत होतं आणि कुणावर रागावताही येत नव्हतं. मुलगी गेली तेव्हा निदान सोबत लोक होते. तिच्याबद्दलचे शब्द गेले ते मात्र त्याचे एकट्याचेच गेले.

हैदराबादला जायच्या आदल्या दिवशी महेक भांडारात आली. झगा, बूट सगळं जमा करायचं होतं. सामान ठेवून ती तशीच घुटमळली.

"काका, ते मी आता नाही सांगत. तुम्हाला त्रास होईल."

"होऊ दे."

"चांगलं नाहीये ते. म्हणजे वाईटही नाही. पण..."

"महेक, बस. सांग."

ती बसली. "शरू नोकरी सोडणार होती. समुद्रात त्या पवनचक्क्या उभ्या केल्यात ना, दाभोळच्या बाजूला? त्यांच्या दुरुस्तीचं शिक्षण असतं. दोरानं वर चढायचं, पात्यांना लटकून काम करायचं. तिची निवड झाली होती. तुम्हाला सांगायचं धाडस होत नव्हतं. मग आम्ही कँटीनच्या मागं रोज सराव करायचो. मी ती व्हायचे, आणि ती तुम्ही."

"मी?"

"हुबेहूब करायची हो. मी घाबरत घाबरत म्हणायचे, बाबा, मला जरा बोलायचंय. की ती अशी मान खाली घालून, एक डोळा मिटून, सुई बघितल्यासारखं करायची आणि म्हणायची, हं. बघू. जेवून घे आधी." महेकने ते करून दाखवलं. नक्कलेची ती नक्कल होती, तरी जालिंदरला त्यात स्वतःचा आवाज ओळखू आला, आणि त्या आवाजाच्या आत शर्वरीचा. "मग आम्ही दोघी हसून हसून... रविवारी सांगणार होती तुम्हाला. शुक्रवारी ताप आला."

जालिंदरला जो राग आला, तो त्याला स्वतःलाही अनपेक्षित होता.

"दोराला लटकून?" तो उभाच राहिला. "समुद्रात? झोपाळ्यावरून पडणारी पोर तू, आणि पवनचक्कीवर चढणार? आणि मला विचारायचं नाही? माझी नक्कल करतेस? मी काय खाणार होतो तुला, शरे? नको म्हणालो असतो. चार दिवस बोललो नसतो. मग दिलं असतंच ना पाठवून, दुसरं काय केलं असतं मी..."

त्याने सामान द्यायच्या फळीवर हात आपटला. समोरची स्क्रूंची पेटी कलंडली आणि सगळे स्क्रू खणखणत जमिनीवर पसरले. तो खाली बसला आणि गुडघ्यांत तोंड घालून मोठमोठ्याने रडायला लागला. इतक्या महिन्यांनी तो मुलीशी भांडत होता आणि ती ऐकत नव्हती. महेक त्याच्याजवळ फरशीवर बसून राहिली. तिने त्याला गप्प केलं नाही.

"अजून सांग," बऱ्याच वेळाने तो म्हणाला.

"अजून एवढंच आहे माझ्याकडं, काका."

ती गेली. दारातून तिने एकदा वळून पाहिलं आणि हात केला. जालिंदरने तोंड धुतलं, स्क्रू गोळा केले आणि फळीमागच्या स्टुलावर जाऊन बसला. भांडारात सामसूम होती. आता शर्वरीबद्दल त्याला नवीन काही सांगू शकेल असं माणूस त्या इमारतीत उरलं नव्हतं, हे त्याला नीट कळत होतं. ती दोराला लटकलेली कशी दिसली असती, ते तो मनाशी जुळवून बघत होता, पण त्याने समुद्रातली पवनचक्की कधी पाहिलेली नव्हती.

एक अनोळखी माणूस आला, गळ्यात नवं कोरं ओळखपत्र. त्याला हातमोजे हवे होते. जालिंदरने खोका काढून दिला.

"तुम्ही शर्वरी खराडेला ओळखत होता का?" त्याने सवयीने विचारलं.

"नाही हो. मी सोमवारीच लागलो. कोण त्या?"

"बसायला वेळ आहे का थोडा?"

"वर थांबलेत सगळे माझ्यासाठी." त्या माणसाने खोका उचलला आणि तो दाराकडे वळला.

"बरं, बरं, जा तुम्ही," जालिंदर म्हणाला. मग त्याच्या पाठीकडे बघत, फार मोठ्याने नाही, पण ऐकू जाईल इतपत म्हणाला, "माझी मुलगी होती. पवनचक्क्या दुरुस्त करायला जाणार होती."

त्या माणसाने उचललेला खोका परत फळीवर ठेवला.